चिठ्ठीत गृहीत धरलेलं घर : रस्त्यावर राहणाऱ्यांना रोजचे उपचार कसे जमावेत?

रात्रपाळी (धागाकर्ती)

मंडळी, दुसऱ्या एका धाग्यावर 'बेघरांसाठी आरोग्य शिबिरं घ्यायला हवीत' असा सूर होता. शिबिरांना माझा विरोध नाही. पण मी नर्स आहे, काही संध्याकाळी एका रात्रनिवाऱ्यात बसते, आणि तिथे दिसतं ते वेगळंच. येणाऱ्या बऱ्याच जणांचं निदान कुणीतरी आधीच केलेलं असतं. चिठ्ठी असते, किंवा भिजून जाईपर्यंत होती. गाडी अडते त्याच्या पुढे, कारण चिठ्ठीवरचं पाळायला घर लागतं.

'पाय उंच ठेवून आठवडाभर विश्रांती.' कुठे? 'जखम कोरडी ठेवा.' 'इन्सुलिन फ्रिजमध्ये.' 'दोन वेळा जेवणानंतर', आणि जेवण एकदाच, तेही कधी दुपारी तर कधी रात्री. 'झोपताना एक गोळी', ज्याला रात्रीतून दोनदा जागा बदलावी लागते त्याला. 'रिपोर्ट चार वाजता मिळेल', आणि चारलाच निवाऱ्याबाहेर रांग लागते. ती चुकली की रात्र बाहेर.

घर मिळायलाच हवं, त्यावर इथे वाद नको. प्रश्न एवढाच की ते मिळेपर्यंत रक्तदाब, साखर, त्वचा, पाय, दात, मनाचे आजार यांवरचे उपचार घर नसलेल्या माणसाला झेपतील असे कसे बेतायचे? ज्यांचा या कामाशी संबंध आहे त्यांनी लिहा. हळहळ नको, तपशील हवेत.

---

शंकासुर

सुरुवातीलाच विरजण घालतो, माफ करा. सरकारी दवाखाने मोफत असतात तिथेही ही मंडळी येत नाहीत. आली तर उपचार अर्धवट टाकून निघून जातात. आणि त्यांतलेच काही जण इमर्जन्सीत पुन्हा पुन्हा येऊन खाट अडवतात. जास्त सोयी दिल्या तर ही ये-जा वाढेलच की! यात दोष फक्त व्यवस्थेचाच का?

---

गोळीवाला

शंकासुर, तुमच्याकडे नंतर येतो. आधी औषधं, कारण माझं दुकान तेच.

रक्तदाबापासून सुरू करू. लघवी वाढवणारी गोळी स्वस्त, चांगली, जगभर वापरात. पण ती घेतल्यावर काही तास शौचालय जवळ लागतं. सार्वजनिक शौचालय रात्री बंद, हॉटेलवाला आत घेत नाही. मग माणूस गोळी सोडतो, किंवा पाणी पिणं सोडतो. दुसरं जास्त वाईट. म्हणून पुष्कळ डॉक्टर अम्लोडिपिन देतात. दिवसातून एकदा, वेळ थोडी मागेपुढे झाली तरी चालते. तिथेही एक गोम आहे. अम्लोडिपिनने काहींचे घोटे सुजतात. जो माणूस बाकावर बसूनच झोपतो त्याचे पाय आधीच सुजलेले असतात. सूज दिसली की पुढचा डॉक्टर ती उतरवायला लघवीचीच गोळी लिहितो, आणि आपण हिंडून-फिरून परत शौचालयाच्या दारात! हे टाळायला एकच प्रश्न पुरतो : 'रात्री आडवे होता का?' सूज बसून झोपण्याची, औषधाची की हृदय-मूत्रपिंडाची, हे त्या उत्तरापासून उलगडायला लागतं.

साखरेचं आणखी नाजूक. ग्लिबेनक्लामाइड, ग्लिमेपिराइड या गोळ्या जेवण झालं की नाही हे न बघता साखर उतरवतात. जेवणाचा भरवसा नसलेल्या माणसाला त्या देणं धोक्याचं. साखर उतरून तो रस्त्यात लडखडला तर बघणाऱ्याला दारुडा वाटतो आणि कुणी हात लावत नाही. एकट्या मेटफॉर्मिनने साखर अशी धोकादायक उतरत नाही सहसा, पण पोट बिघडतं. म्हणजे पुन्हा शौचालय. सावकाश विरघळणारी मेटफॉर्मिन त्यातल्या त्यात सुसह्य. मूत्रपिंड तपासून मगच, अर्थात.

इन्सुलिनबद्दल गैरसमज फार. न उघडलेला साठा २ ते ८ अंशांत ठेवायचा हे खरं, पण वापरात असलेली बाटली किंवा पेन बहुतेक प्रकारांत साधारण २८ दिवस खोलीच्या तापमानाला चालतं. मात्र २५-३० अंशांच्या वर जाऊ द्यायचं नाही, उन्हात तर नाहीच. तेव्हा 'फ्रिज नाही म्हणून इन्सुलिन नाही' हा निर्णय घाईचा. साठा निवाऱ्यात किंवा औषधांच्या दुकानात, माणसाकडे एका वेळी एकच पेन. कडक उन्हाळ्यात पेनही आपल्याकडे ठेवून रोज तिथेच येऊन टोचून घ्यायची सोय करावी.

आणि चोरी. झोपेच्या, वेदनेच्या गोळ्या खिशात असणं म्हणजे मार खाण्याला आमंत्रण. महिन्याचा डबा हातात देऊ नका, आठवड्याचा द्या. हरवला तर पुन्हा द्या, उलटतपासणी न करता.

---

मुक्कामपोस्ट

गोळीवाले, झोपेच्या गोळ्यांवर थोडी भर. मी बायकांच्या निवाऱ्यात काम करते. मनाच्या आजारावरच्या पुष्कळ औषधांनी गुंगी येते. उघड्यावर राहणारी बाई ती गोळी मुद्दाम टाळते, कारण रात्री जागं राहणं हेच तिचं कुलूप. कागदावर मात्र 'रुग्ण सहकार्य करत नाही' असा शेरा! दोन-चार आठवड्यांतून एकदा घ्यायची लांब पल्ल्याची इंजेक्शनं आहेत, काही महिन्याला एक. त्यांत रोजची गोळी सांभाळणं वाचतं, चोरी टळते. पण ती तिच्या मर्जीने. निवाऱ्यातली खाट हवी तर इंजेक्शन घे, अशी अट मी पाहिली आहे आणि त्यानंतर ती बाई परत फिरकलेली नाही.

आणखी एक. शौचालयाच्या भीतीने बायका पाणी कमी पितात, लघवी धरून ठेवतात, मग जळजळ, ताप. दर वेळी अँटिबायोटिक. रात्री उघडं असणारं, आतून कडी लागणारं एक शौचालय त्यातल्या कितीतरी फेऱ्या वाचवेल. पाळीचं तर बोलायलाच नको. पॅड वाटतात सगळे, बदलायची जागा कुणी देत नाही.

---

फिरस्ता

मी काही वर्षं बाहेर काढली आहेत. आता डोक्यावर छप्पर आहे. शंकासुरांना आतली बाजू सांगतो.

दवाखान्यात न जाण्याचं माझं पहिलं कारण होतं बोचकं. पांघरूण, कागदपत्रं, एक जोड कपडे, सगळी इस्टेट त्यात. दारावरचा वॉचमन ते आत नेऊ देत नाही. बाहेर ठेवलं तर परत येईपर्यंत गायब. एका खोकल्यासाठी कोण घालवेल सगळं? सोबत कुत्रा असेल तर विचारूच नका, थंडीच्या रात्री तोच पहारा आणि तोच ऊब.

दुसरं कारण वास. आपल्या अंगाला वास येतो हे आपल्याला कळत असतं हो. शेजारचा माणूस उठून दुसऱ्या बाकावर जातो, नर्स तोंडाला रुमाल लावते. आजार परवडला, ते नको असं होतं. अंघोळीची सोय दवाखान्याच्या आधी हवी.

तिसरं म्हणजे बूट. रात्री काढले तर सकाळी नसतात, म्हणून घालूनच झोपायचं. पावसात ओल्या मोज्यांत दिवसचे दिवस. पाय आधी बधिर, मग पांढरे, सुरकुतलेले, मग असे दुखतात की चादरीचा स्पर्श सोसत नाही. त्या आजाराला नाव आहे हे मला फार उशिरा कळलं.

---

आडवाटेचा_डॉक्टर

फिरस्ता, ते नाव खंदकपाय. पहिल्या महायुद्धात खंदकांतल्या ओल्या चिखलात उभ्या सैनिकांना व्हायचा. बर्फच लागतं असं नाही. नुसती ओल आणि गारवा यांनीही होतो. पाय कोरडे करायचे, हळूहळू ऊब द्यायची, चोळायचे नाहीत. कोरडे मोजे हे इथे औषध आहे, दानधर्म नव्हे.

पायांवरून आठवलं. बॉस्टनमध्ये १९८५ साली बेघरांसाठी आरोग्यसेवा सुरू झाली तेव्हा डॉ. जिम ओ'कॉनेल नुकतेच प्रशिक्षण संपवून आले होते. निवाऱ्यातल्या नर्स बार्बरा मॅकिनिस यांनी त्यांना स्टेथोस्कोप बाजूला ठेवायला लावला आणि लोकांचे पाय धुवायचं काम दिलं. ते सुरुवातीला वैतागले असं स्वतःच सांगतात. पण पाय पाण्यात असताना माणूस अर्धा तास बसतो, डॉक्टर त्याच्यापेक्षा खाली बसलेला असतो, आणि गप्पांतून आजार बाहेर येतात. शिवाय मधुमेह्याच्या पायाची तपासणी आयतीच होते.

आता खरूज. परमेथ्रिन मलम मानेपासून पायाच्या नखांपर्यंत लावून ८ ते १४ तास ठेवायचं, मग अंघोळ, कपडे-पांघरुणं गरम पाण्यात, आठवड्याने पुन्हा. यातली कुठली पायरी फुटपाथवर शक्य आहे? आयव्हरमेक्टिनच्या गोळ्या वजनावर, किलोला २०० मायक्रोग्रॅम, आठ-पंधरा दिवसांच्या अंतराने दोनदा. आपल्यासमोर गिळल्या की त्या मात्रेचं काम झालं. कपडे धुता येत नसतील तर प्लॅस्टिकच्या पिशवीत किमान तीन दिवस घट्ट बांधून ठेवायचे. माणसाच्या अंगाबाहेर खरजेचा किडा सहसा एवढे दिवस टिकत नाही. त्या तीन दिवसांपुरते दुसरे कपडे देता आले पाहिजेत, नाहीतर सल्ला पुन्हा हवेतच.

अंगावरच्या उवांचंही तसंच. त्या कातडीवर नाही, कपड्यांच्या शिवणीत राहतात. कपडे बदलले, धुतले की अर्धीअधिक लढाई संपते. त्यांच्यातून खंदकज्वर पसरतो, आणि तो महायुद्धाबरोबर संपलेला नाही. मार्सेय आणि सिएटलमध्ये बेघरांत सापडला आहे.

---

केसपेपर

नोंदणीच्या खिडकीमागे बसतो. शिव्या खायची सवय आहे, पण आमची बाजूही ऐका. संगणकात पत्त्याचा रकाना भरल्याशिवाय पुढचं पानच उघडत नाही. मग काही जण 'नाही' लिहितात, काही जण माणसालाच परत पाठवतात.

यावर तोड निघालेली आहे. इंग्लंडमध्ये डॉक्टरकडे नाव नोंदवायला पत्त्याचा पुरावा किंवा ओळखपत्र दाखवणं बंधनकारक नाही. पत्ता नसेल तर दवाखान्याचाच पत्ता लिहिता येतो. नियम असूनही खिडकीवर लोक अडवले जायचे, म्हणून लंडनमध्ये 'मला नोंदणीचा हक्क आहे' अशा अर्थाची छोटी कार्डं बेघरांना वाटली गेली. म्हणजे नियम कागदावर करून भागत नाही, तो खिडकीपर्यंत पोचवावा लागतो. आम्हाला कुणी सांगितलंच नाही तर आम्ही जुनंच करणार.

वेळेचंही तसंच. 'मंगळवारी सकाळी ९.२०' अशी वेळ घड्याळ-फोन असलेल्या आणि दुसरं काम नसलेल्या माणसासाठी असते. सकाळ ही मजुरीच्या नाक्याची वेळ. 'मंगळवारी दुपारी दोन ते सहा केव्हाही या' म्हटलं तर येतात.

---

शंकासुर

बोचक्याचा मुद्दा मान्य, खरंच डोक्यात आला नव्हता. पण उपचार अर्धवट टाकून पळून जाण्याचं काय? आणि पुन्हा पुन्हा येणाऱ्यांचं?

---

आकडेमोड

दुसऱ्या प्रश्नावर चक्क प्रयोग झालेला आहे. टोरोंटोच्या एका इमर्जन्सी विभागात आलेल्या १३३ बेघर लोकांपैकी निम्म्यांना, चिठ्ठ्या टाकाव्यात तसं निवडून, नेहमीच्या उपचारांखेरीज एका स्वयंसेवकाची सोबत दिली. गप्पा, विचारपूस, खायला काहीतरी. तुमच्या तर्काप्रमाणे हे लोक चटावून जास्त यायला हवे होते. त्यांच्या पुढच्या फेऱ्या जवळपास एक तृतीयांशाने कमी झाल्या. 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात १९९५ साली छापून आलंय. लहान प्रयोग आहे, एकाच जागचा आहे, हे धरूनही तुमचा आक्षेप त्यात टिकत नाही.

थोडं मोठं चित्र. इंग्लंड आणि वेल्समध्ये २०१८ साली मरण पावलेल्या बेघरांचं सरासरी वय पुरुषांत ४५ आणि स्त्रियांत ४३ होतं. बॉस्टनमध्ये निवाऱ्यातही न जाणाऱ्या, थेट रस्त्यावर झोपणाऱ्या ४४५ जणांवर दहा वर्षं नजर ठेवली, तेव्हा त्यांचा मृत्युदर राज्यातल्या सर्वसाधारण लोकांच्या जवळपास दहापट आणि निवाऱ्यात झोपणाऱ्यांच्या जवळपास तिप्पट निघाला. आणि मुख्य कारणांत काय होतं? कर्करोग, हृदयविकार, दारू, यकृत. म्हणजे रोजच्या दवाखान्यात वेळेवर हाताळता येतील असे आजार.

---

आडवाटेचा_डॉक्टर

पळून जाण्याबद्दल. ज्याला रोज दारू लागते त्याला भरती केलं की पहिल्या एक-दोन दिवसांत हात थरथरतात, घाम फुटतो, आकडीही येऊ शकते. हे ओळखून वेळेवर ही लक्षणं शमवणारं लोराझेपाम किंवा क्लोरडायझेपॉक्साइड आणि थायमिन (बी-१ जीवनसत्त्व) दिलं नाही तर तो बाहेर जाणारच, कारण त्याच्या माहितीचं औषध बाहेर आहे. आपण लिहितो 'वैद्यकीय सल्ल्याविरुद्ध निघून गेला'. सल्ला दिला होता कुठे?

---

दुसरी_फेरी

मी हाडांच्या विभागात सामाजिक कार्यकर्ती आहे. सगळ्यात कच्चा दुवा डिस्चार्जचा. घरी जाण्याइतका बरा आणि फुटपाथवर जाण्याइतका बरा यांत फार अंतर आहे. वॉर्डाला खाट मोकळी हवी असते, आणि पायात सळई घातलेला माणूस प्लॅस्टर भिजवून काही दिवसांत परत येतो. एका मोठ्या रुग्णालयात मी हे इतक्यांदा पाहिलं की भांडून भांडून घसा बसला.

मधली जागा हवी. बॉस्टनच्याच कार्यक्रमाने ती बांधली, मॅकिनिस यांच्याच नावाने. रुग्णालयात राहण्याइतका आजारी नाही पण रस्त्यावर राहण्याइतका धड नाही, अशांसाठी शंभरावर खाटा. लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेज हॉस्पिटलमध्ये २००९ पासून 'पाथवे'चं पथक, डॉक्टर आणि नर्स, वॉर्डांत फिरून बेघर रुग्णाला भेटतं आणि तो कुठे जाणार ते तो भरती असतानाच ठरवायला लागतं. कॅलिफोर्नियाने तर कायदा केला : २०१९ पासून तिथल्या रुग्णालयांना बेघर रुग्ण सोडताना जेवण, हवामानाला साजेसे कपडे, आणि तो कुठे जाणार याची लेखी योजना या गोष्टी बघाव्याच लागतात. कायदा असला तरी निवाऱ्यात खाट नसेल तर योजना कागदावरच, हे खरं. पण जाब विचारायला बोट ठेवायची जागा तरी झाली.

---

चावडीवरचा

एवढं सगळं करण्यापेक्षा घरंच द्या की! फिनलंडने दिली.

---

आकडेमोड

चावडीवरचे, धागाकर्तीने पहिल्याच पोस्टमध्ये ते म्हटलंय. तरी थोडक्यात : आधी घर, अटी नंतर, ही पद्धत न्यूयॉर्कमध्ये १९९२ साली सॅम त्सेम्बेरिस यांनी सुरू केली, फिनलंडने २००८ पासून ती देशाचं धोरण केली. कॅनडाने २००९ ते २०१३ मध्ये पाच शहरांत दोन हजारांवर लोकांबरोबर ती पारखली. घर टिकण्याच्या बाबतीत ती स्पष्टपणे सरस ठरली. तब्येतीच्या बाबतीत मात्र फरक तितका ठळक दिसला नाही. म्हणून 'घर द्या, आरोग्य आपोआप येईल' हे निष्पन्न होत नाही. घर हवंच. दवाखानाही हवा.

---

संपादक

घर की दवाखाना हा वाद इथेच थांबवावा. त्यासाठी वेगळा धागा काढा. पुढचे प्रतिसाद उडवले जातील.

---

पानगळ

मी वैद्यकीय क्षेत्रातली नाही, नुसती वाचत होते. असा दवाखाना लोकांच्या जागी जाऊन चालवणं जमतं का कुठे? का हे सगळं मोठ्या इमारतीतच?

---

आडवाटेचा_डॉक्टर

जमतं, पानगळताई, आणि जुनं आहे. डॉ. जॅक प्रेगर यांनी १९७९ मध्ये कोलकात्यात फुटपाथवर रुग्ण तपासायला सुरुवात केली. मिडलटन रो या रस्त्यावर कित्येक वर्षं दवाखाना असाच उघड्यावर चालला. पिट्सबर्गमध्ये जिम विदर्स १९९२ पासून रात्री रस्त्यांवर फिरू लागले, तेही पूर्वी स्वतः बेघर असलेल्या एका माणसाला सोबत घेऊन. तो सोबती नसता तर डॉक्टरला कुणी जवळ केलं नसतं. लंडनमध्ये क्षयासाठी क्ष-किरणाची गाडी निवाऱ्यांच्या दाराशी जाते. सहा महिन्यांचे क्षयाचे उपचार पुरे होतात ते औषध देणारा माणूस रुग्णाकडे जातो तेव्हा.

पण एक सावधगिरी. गाडी आली, फोटो निघाले, गाडी गेली, असं असेल तर नकोच. त्याच वारी, त्याच कोपऱ्यावर, त्याच माणसाने यायला हवं. महिनाभर कुणी काही दाखवणार नाही. नंतर कुणीतरी मित्राच्या नावाने स्वतःची जखम विचारेल.

---

फिरस्ता

+१. मी मित्राच्याच नावाने विचारलं होतं 😀

पानगळ, डॉक्टर नसलेल्यांनी करण्यासारखं काम म्हणजे सोबत. खिडकीवर जोडीला कुणी असलं की आवाज बदलतो समोरच्याचा. मी आता तेच करतो. तारीख लक्षात ठेवायची, आदल्या दिवशी शोधून काढायचं, बोचकं सांभाळत बाहेर बसायचं, डॉक्टर काय म्हणाला ते नंतर पुन्हा सांगायचं. आणि आत डॉक्टरने माझ्याशी नाही, त्याच्याशी बोलावं याकडे लक्ष ठेवायचं.

---

केसपेपर

बोचक्याचं वाचून आमच्याकडे विचारून आलो. जिन्याखाली जुनी लोखंडी कपाटं पडून आहेत. टोकन देऊन सामान ठेवायला वरिष्ठांची हरकत नाही, फक्त वॉचमनचा प्रश्न आहे : उवा लागल्या तर? काय सांगू?

---

रात्रपाळी

मोठ्या जाड प्लॅस्टिकच्या पिशव्या द्या. सामान पिशवीत, तोंड बांधून, मग कपाटात. वॉचमनला हातमोजे. अंगावरच्या उवांना माणूस लागतो, लोखंडी कपाटात त्या जगत नाहीत फार दिवस. आणि पिशवी त्या माणसासमोरच बांधा, नाहीतर आत काय होतं यावरून भांडणं होतील.

दरम्यान मी सगळ्यांचे प्रतिसाद वाचून आमच्या निवाऱ्यातल्या तपासणीच्या कागदावर चार प्रश्न वाढवतेय : रात्री कुठे आणि कसे झोपता, आडवे की बसून? शौचालय कितीला उघडतं? दिवसातलं भरवशाचं जेवण कोणतं? औषध कुणाकडे ठेवलं तर सापडेल? गोळीवाले, काही राहिलं का?

---

गोळीवाला

'याआधीचं औषध का सुटलं?' हा सगळ्यांत वर घाला. आणि डॉक्टरसाहेबांच्या आयव्हरमेक्टिनला पुरवणी : गरोदर बाईला आणि पंधरा किलोपेक्षा कमी वजनाच्या मुलाला ती सहसा देत नाहीत, तिथे मलमच. म्हणजे त्या रात्रीपुरती तरी अंघोळीची खोली मिळवावी लागेल. मुक्कामपोस्ट, तुमच्याकडे आहे का?

---

मुक्कामपोस्ट

आहे. गरम पाणी सकाळी सहा ते आठ. आदल्या संध्याकाळी मलम लावून पाठवा, मी कडी लावून देते.